निसर्गाच्या कविता आणि मरणाची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणी खूप आजारी असलं, किंवा आजी-आजोबा "आता माझं काय राहिलंय" असं बोलायला लागले, की बरेच जण विचारतात, अशा वेळी वाचायला काहीतरी सांगा ना, प्रवचन नको, रडवणारं पण नको. मी दरवेळी कविता सांगते, आणि त्यातही झाडापानांच्या, पावसाच्या, सूर्य मावळण्याच्या. त्यावर पुढचे प्रश्न येतात ते साधारण हे.

कविता वाचून मरणाची भीती जाते का खरंच?

सगळी जात नाही. शरीराची जी भीती असते, दुखेल का, श्वास अडकेल का, शेवटी फार हाल होतील का, तिला कविता पुरत नाही, तिथे डॉक्टर लागतो आणि पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणं आणि हाल कमी करणारी माणसं लागतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतंय, पुण्यात वारज्याला पण कॅन्सर पेशंटसाठी असं सेंटर आहे, तर दुखणं असेल तर आधी ते बघा, कविता नंतर.

पण दुसरी एक भीती असते जी पेनकिलरने जात नाही. मी नसेन म्हणजे नक्की काय, माझ्यावाचून घर कसं चालेल, सगळ्यांना सोडून मलाच का जायचंय. या भीतीत माणूस एकटा पडतो, त्याला वाटतं की जगात बाकी सगळं चालू आहे आणि फक्त माझ्याच बाबतीत काहीतरी भयंकर चुकलंय. निसर्गाची चांगली कविता हे एकटेपण काढून घेते. पान गळतं, फळ पडतं, दिवस मावळतो, आणि त्याच रांगेत तुम्ही पण आहात, इतकंच ती दाखवते, ते पण कुठलंही लेक्चर न देता. एकदा वाचून काही होत नाही, बऱ्याचदा वाचली, पाठ झाली, की मग ती आपोआप डोळ्यांत उतरते.

पण निसर्गाचीच कविता का? सरळ अध्यात्माचं पुस्तक का नाही?

ज्याला अध्यात्माच्या पुस्तकाने बरं वाटतं त्याने तेच वाचावं. अडचण अशी होते की "आत्मा अमर आहे" हे वाक्य ऐकताना आपल्याला आधी ते पटवून घ्यावं लागतं, आणि आजारी माणसात पटवून घ्यायची ताकद नसते, त्याला हो हो करावं लागतं. पिकलेलं फळ देठापासून सुटतं हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही, ते सगळ्यांनी बघितलेलं असतं.

आणि जुन्या लोकांना हे माहीत होतंच. महामृत्युंजय मंत्र बघा, आयसीयूच्या बाहेर बसून लोक मोबाइलवर लावतात तो. ऋग्वेदातला आहे, सातव्या मंडलातला. त्यात मागणी काय आहे, तर पिकलेली काकडी वेलीपासून सुटते तसा मला मृत्यूच्या बंधनातून सोडव. "उर्वारुकमिव बन्धनात्", हा चक्क मळ्यातला दृष्टांत आहे! हजारो वर्षांनी गोव्यातले बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर, त्याच चित्रापाशी येतात, "मीपण ज्यांचे पक्व फळापरि सहजपणाने गळले हो", अशांनाच जीवन कळलं असं ते म्हणतात. दोन्हीकडे जोर आहे तो पिकण्यावर. ओढून तोडलेलं वेगळं, पिकून सुटलेलं वेगळं.

सुरुवातीला एकच कविता वाचायची झाली तर?

भा. रा. तांबे यांची "घन तमी शुक्र बघ राज्य करी". लता मंगेशकरांच्या आवाजात ऐकलेली असेलच, पण गाणं म्हणून ऐकताना चालीतच आपण रमतो, म्हणून एकदा कागदावर घेऊन वाचा.

तांबे १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीला जन्मले, १९४१ मध्ये ग्वाल्हेरला गेले, म्हणजे मराठी मुलखाच्या बाहेर राहून त्यांनी हे सगळं लिहिलं. कवितेची सुरुवात दाट अंधारापासून आहे आणि त्या अंधारातच शुक्राची चांदणी चमकतेय. खिन्न झालेल्या मनाला कवी म्हणतो, जरा बाहेर बघ तरी. मला ही सुरुवातच फार आवडते, कारण दुःखात माणूस आत आत जातो, खोलीचे पडदे ओढून घेतो, आणि कवी पहिलं काम काय करतो तर त्याला खिडकीपाशी आणतो. मग येतं ते कडवं ज्यासाठी मी ही कविता सांगते:

फूल गळे, फळ गोड जाहले,
बीज नुरे, डौलात तरू डुले,
तेल जळे, बघ ज्योत पाजळे,
का मरणी अमरता ही न खरी?

बघा इथे काय केलंय. फूल गळलं म्हणून फळ आलं, बी उरलं नाही म्हणून झाड उभं राहिलं. यात कुठे स्वर्ग नाही, पुढच्या जन्माचं प्रॉमिस नाही, परसात जे रोज होतं तेच आहे. आणि शेवटी तो ठासून सांगत नाही, प्रश्न विचारतो, ही अमरता खरी नाही का? उत्तर आपण द्यायचं. मग पुढे "मना, वृथा का भिशी मरणा" येतं आणि हरिकरुणा येते, आई हात पसरून वाट बघतेय असं येतं, तोपर्यंत ज्याला देवापर्यंत जायचंय तो जातो आणि ज्याला नाही तो फूल-फळापाशी थांबला तरी चालतं.

माझ्या मावशीला शेवटच्या आजारपणात फार बोलवत नव्हतं, पण हे कडवं म्हटलं की ती "ज्योत पाजळे" आपल्याबरोबर म्हणायची, ओठ हलायचे फक्त. तिला त्यातून काय मिळत होतं हे मी विचारलं नाही, तिचा चेहरा सैल पडायचा एवढं दिसायचं आणि मला तेवढं बास होतं.

"जन पळभर म्हणतील हाय हाय" पण तांब्यांचीच ना? ती तर किती निराश आहे, आमच्या आईला ऐकवतच नाही.

हो त्यांचीच. आणि आईला ऐकवत नसेल तर अजिबात लावू नका, जबरदस्तीने कोणाला शांत करता येत नाही.

पण निराश आहे हे मला पटत नाही. पहिल्या ओळी टोचतात हे खरं, "मी जाता राहील कार्य काय", आपण गेल्यावर सगेसोयरे डोळे पुसून परत कामाला लागतील, हसतील खिदळतील, हे वाचून आधी रागच येतो. म्हणजे माझी काही किंमतच नाही का! पण कवितेचा निम्मा भाग आकाश आणि शेतं आहेत:

सूर्य तळपतील, चंद्र झळकतील,
तारे अपुला क्रम आचरतील,
असेच वारे पुढे वाहतील,
होईल काहि का अंतराय?

मग मेघ बरसतील, शेतं पिकतील, नद्या गर्वाने वाहतील. ज्याला स्वतःशिवाय काही दिसत नाही त्याला हा अपमान वाटेल. पण ज्याचं या जगावर प्रेम आहे त्याला यात केवढा दिलासा आहे बघा, की माझ्या नंतर पण पाऊस पडणार आहे, शेत पिकणार आहे, नातवंडं पावसात भिजणार आहेत, माझ्या जाण्याने यातलं काहीच थांबणार नाही. एखाद्या आजोबांना सगळ्यात मोठं टेन्शन हेच असतं ना की माझ्यामागे यांचं कसं होईल? त्यांना कविता सांगते की होईल, सगळं नीट होईल. आणि शेवटची ओळ "का जिरवु नये शांतीत काय" अशी आहे, देहाने शांतपणे शांतीत जिरून जावं. तुकडा तुकडा ऐकला तर कडू लागते ही कविता, पूर्ण ऐकली तर नाही.

संतांनी निसर्गावर लिहिलंय का? आम्हाला वाटायचं त्यांच्याकडे फक्त विठ्ठल.

भरपूर लिहिलंय. ज्ञानेश्वरी, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० ची, दुसरा अध्याय उघडा. अर्जुन रणांगणावर कोलमडलाय आणि त्याला जन्ममरण समजावताना ज्ञानेश्वर आधी रहाटगाडग्याचा दाखला देतात, "उपजे तें नाशे । नाशलें पुनरपि दिसे । हें घटिकायंत्र जैसें । परिभ्रमे गा ॥" आणि लगेच पुढे सूर्याचा उदय-अस्त, जो आपोआप, न थांबता होत राहतो, जन्ममरण तसंच आहे म्हणतात. यात मला "आपैसें" हा भाव मोठा वाटतो. सूर्य मावळताना कोणी त्याला ढकलत नाही आणि कोणी शिक्षा पण करत नसतं. आपल्याकडे आजारी माणूस लगेच "माझं काय पाप होतं" वर येतो, त्याला ही ओवी ऐकवावी.

तुकोबांचं "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें" आता पर्यावरण दिनाच्या बॅनरवर गेलंय, त्यामुळे त्यातलं मूळ दुखणं कोणाला आठवत नाही. हा माणूस देहूजवळच्या डोंगरांवर एकटा जाऊन बसायचा, आणि त्याच्या मागे काय होतं तर सतराव्या शतकातला तो भयंकर दुष्काळ. स्वतःच लिहून ठेवलंय त्यांनी, "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". बायको अन्न अन्न करत गेली ज्याची, तो माणूस झाडांना सोयरे म्हणतोय, पाखरांच्या सुरात त्याला संगत मिळतेय. आणि हाच पुढे म्हणतो "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य". हे दोन अभंग शेजारी शेजारी ठेवून वाचा, मधली वाट कशी गेली असेल ते आपोआप लक्षात येतं. हे मरण अर्थातच मीपणाचं मरण आहे, देहाचं नाही, पण मीपण आधी गेलं की देहाच्या मरणाचा दंश बराच उतरतो, हे तर बाकीबाबांनी पण सांगितलं.

मरण स्वीकारायचं म्हणजे रडायचं नाही का?

असं कोण म्हणतं! आळंदीला ज्ञानेश्वर समाधीला निघाले, १२९६ साली, तेव्हाचे नामदेवांचे अभंग वाचा. समाधी स्वतःच्या इच्छेने आहे, सगळ्यांना कळतंय की हे थोर आहे, पवित्र आहे, स्वीकार तर शंभर टक्के आहे, आणि तरी नामदेव लिहितात:

नदीचिया माशा घातलें माजवण ।
तैसें जनवन कालवलें ॥

माजवण म्हणजे मासे धुंद व्हावेत म्हणून पाण्यात टाकतात ते विषारी औषध. पाण्यात ते पडलं की मासे जसे तडफडून सैरभैर होतात, तशी सगळी माणसं आणि सगळं रान कालवून गेलं. पुढे दाही दिशा धुंद झाल्याचं आहे. दुःखाचं याहून खरं वर्णन मी मराठीत वाचलेलं नाही, आणि ते एका संताने केलंय. म्हणून कोणी रडत असेल तर "अहो असं काय करता, सगळ्यांनाच जायचंय" असं बोलून गप्प करू नका, आणि त्यासाठी कवितेचा वापर तर मुळीच करू नका. शांती असली तरी डोळ्याला पाणी येणारच, दोन्ही एकत्र नांदतात.

बहिणाबाई यात कुठे बसतात? त्या तर संसाराच्या, शेतीच्या कवयित्री ना?

शेतीच्या आहेत म्हणूनच. १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्याला जन्म, १९५१ मध्ये गेल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात ओव्या सुचायच्या त्या मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकाने उतरवून घेतल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. "अरे जगनं मरनं एका सासाचं अंतर" ही ओळ सगळ्यांना येते. ती खरीच आहे, पण मला त्यांच्या दोन दुसऱ्या जागा जास्त जवळच्या वाटतात.

एक, पेरणीची. "धरित्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली", आणि वर माती पसरली ती कशी, तर शाल पांघरावी तशी. आता विचार करा, मातीखाली जाणं या गोष्टीची आपल्याला केवढी धास्ती असते, आणि ही बाई म्हणते शाल पांघरली. शेतकऱ्याच्या घरात दरवर्षी मृगात हेच होतं, बी मातीत जातं, दिसेनासं होतं, आणि कोणी रडत नाही, कारण पुढे काय होणार ते माहीत असतं. जो माणूस साठ-सत्तर पेरण्या बघतो त्याची मरणाशी ओळख आपल्यापेक्षा वेगळी असते, यात मला शंका नाही. मी खानदेशात म्हातारी माणसं फार सहज बोलताना ऐकलीयत, "आता पिकलं, आता गळायचं", त्यात नाटक नसतं.

दोन, नवरा गेल्यानंतरची. तरुणपणीच वैधव्य आलं त्यांना, पदरात पोरं. तेव्हा त्या धरतीलाच विचारतात:

सांग सांग धरतीमाता,
अशी कशी जादू झाली,
झाड गेलं निंघीसनी,
मांघे सावली उरली

झाड निघून गेलं आणि सावली मागे राहिली, ही सावली म्हणजे त्या स्वतः. इथे स्वीकार अजून झालेला नाहीये, इथे नुसती थक्क झालेली बाई आहे. पण ती प्रश्न कोणाला विचारते बघा. ज्या मातीला तिने बी दिलं त्याच मातीला. तुम्ही नुकतंच कोणी गमावलं असेल तर तांब्यांपेक्षा आधी ही कविता वाचा असं मी म्हणेन.

पिकलं पान गळतं हे ठीक, पण कोवळं गेलं तर? आमच्याकडे अपघातात तरुण मुलगा गेलाय.

तर मग गळत्या पानाची कुठलीही कविता त्यांना पाठवू नका. त्यांचा मुलगा पिकला नव्हता, आणि "निसर्गाचा नियम" हे शब्द त्या घरात क्रूर वाटतात, माझ्या मते ते क्रूर आहेतच. तिथे जाऊन बसा, डबा न्या, बँकेची, पोलिसांची कामं असतात ती करा.

कविता खूप नंतर, ते स्वतः मागतील तेव्हा. आणि तेव्हा बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचे, १८९० चा जन्म आणि ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय सत्तावीस. म्हणजे ज्याने फुलराणी आणि श्रावणमास लिहिला तोच कोवळ्या वयात गेला. लोक त्यांना आनंदी कवी म्हणून शाळेत शिकवतात, पण "कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला" हे पण त्यांचंच आहे. त्यांची "औदुंबर" फक्त आठ ओळींची आहे. हिरवळ, निळासावळा झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, त्यातून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. समीक्षकांनी त्याचे कितीतरी अर्थ लावलेत, मरणाचा पण लावलाय, वैराग्याचा पण. मला त्यात एवढंच दिसतं की उजेडाच्या गावातून वाट निघते आणि अंधाऱ्या डोहापाशी पोचते, आणि तिथे कोणीतरी शांत बसलेलं असतं. ती कविता "का" याचं उत्तर देत नाही. तरुण मरणापुढे कुठलंच उत्तर टिकत नाही, नुसतं शेजारी बसणारं कोणी असलं तर बरं वाटतं, ती कविता तशी शेजारी बसते.

मी देव, पुनर्जन्म काही मानत नाही. माझ्यासाठी आहे का हे?

आहे, आणि कदाचित जास्तच. फूल गळून फळ येतं हे मानायला श्रद्धा लागत नाही. आपल्या अंगातलं पाणी, कॅल्शियम, लोह सगळं बाहेरूनच आलंय आणि बाहेरच परत जाणार. महाराष्ट्रात आता कितीतरी घरांत रक्षा नदीत न सोडता शेतात किंवा परसात खड्डा करून त्यावर झाड लावतात, त्या लोकांपैकी काही कट्टर नास्तिक आहेत आणि काही पक्के वारकरी, दोघांनाही ते बरोबर वाटतं.

बाहेरच्या देशांत असं काही आहे का?

जपानमध्ये तर मरणापूर्वी एक छोटी कविता लिहून ठेवायची जुनी परंपराच आहे, भिक्षू, सामुराई, कवी सगळे लिहायचे, आणि त्यात बहुतेक वेळा फूल, चंद्र, दव, पानं असंच काही असतं, मरण हा शब्द कित्येकदा नसतोच.

साइग्यो नावाचा एक भिक्षू कवी होता, १११८ चा जन्म. त्याने आधीच कधीतरी लिहून ठेवलं होतं की मरण यावं तर वसंतात, फुलांच्या खाली, दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास. चेरीची फुलं म्हणतोय तो, आणि तो दिवस म्हणजे तिकडे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा. आणि ११९० मध्ये तो गेला तो त्याच महिन्याच्या सोळाव्या दिवशी, पौर्णिमेला अगदी लागून. त्या काळच्या लोकांवर याचा केवढा परिणाम झाला असेल. बाशो हा दुसरा जपानी कवी मात्र वेगळा, १६९४ मध्ये ओसाकाला आजारी पडला तेव्हाच्या शेवटच्या हायकूत, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कवितेत, तो म्हणतो की प्रवासात आजारी पडलोय आणि माझी स्वप्नं वाळलेल्या माळावर भटकतायत. अजून पाय थांबायला तयार नाहीत त्याचे! मला हा हायकू फार प्रामाणिक वाटतो, सगळ्यांनी साइग्योसारखंच जावं असं काही नाही.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. आचार्य अत्र्यांची मुलगी, आणि बहिणाबाईंच्या गाण्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे अत्रे तेच. शिरीषताईंचे हायकू तीन ओळींचे, थकलेल्या माणसाला तेवढंच झेपतं, म्हणून आजारपणात फार उपयोगी पडतात.

पेशंटला वाचून दाखवायची कशी? लगेच कळेल ना की मरणाची तयारी करतायत.

आधी त्यांना विचारा, शाळेत कुठली कविता होती तुम्हाला? साठी-सत्तरीच्या माणसाला हा प्रश्न आवडतोच. मग त्यांना जी येते तिथूनच सुरू करा, "श्रावणमासी" असेल, "गवतफुला" असेल, थेट मरणाच्या कवितेवर उडी मारू नका. फुलांच्या, पावसाच्या कवितांतून माणूस स्वतःच हळूहळू तिकडे वळतो, आणि वळला नाही तरी काय बिघडलं, श्रावण तर भेटला.

हळू वाचा, एकच कविता दोनदा वाचा, आणि वाचून झाल्यावर लगेच "छान आहे ना?" असं विचारू नका, थोडा वेळ गप्प राहा. अर्थ समजावून सांगू नका. खोलीतला टीव्ही बंद असू दे. खिडकीला तोंड करून पलंग लावता आला तर लावा, बाहेर एखादं झाड दिसत असेल तर अर्धं काम तिथेच झालं. बोली महत्त्वाची आहे, खानदेशी माणसाला बहिणाबाई तिच्याच बोलीत वाचून दाखवा, पुस्तकी करून नको, आणि गोव्याचं कोणी असेल तर बाकीबाबांच्या कोंकणी कविता पण आहेत.

आणि माणूस प्रतिसाद देत नसेल तरी थांबू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२० मध्ये एक अभ्यास आला होता, हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या ठिकाणच्या, शेवटच्या तासांतल्या, काहीच हालचाल न करणाऱ्या काही पेशंटच्या मेंदूत आवाजाला प्रतिसाद दिसला होता. त्यांना अर्थ कळतो का हे त्यातून सिद्ध होत नाही, पण आवाज पोचतो एवढं कळलं तरी आपल्याला वाचायला पुरेसं आहे.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, मुलगा अमेरिकेत, कसला निसर्ग आणि कसलं काय.

कुंडीतली तुळस वाळते आणि मंजिरी झडून परत उगवते. सोसायटीतला गुलमोहर मे महिन्यात फुलतो आणि जूनच्या पहिल्या पावसात खाली लाल सडा पडतो, त्यावरून आपण गाड्या घालतो. संध्याकाळ तर विसाव्या मजल्यावर पण होते, तांब्यांचं "मावळत्या दिनकरा" गॅलरीत उभं राहून म्हणून बघा, सगळे उगवत्याला नमस्कार करतात, मावळत्याकडे पाठ फिरवतात, म्हणून हा मावळत्याला अर्घ्य देतोय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे आपण कसं बघतो तेच त्यात आहे. अमेरिकेतल्या मुलाला तर ऑक्टोबरमध्ये रंग बदलून गळणारी पानं आपल्यापेक्षा जास्त दिसतात, त्याला व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवायला सांगा.

लहान मुलांना हे द्यावं का?

द्यावं, मरणाचं नाव न घेता. पान उचलून आणलं तर टाकून दे म्हणू नका. आजोबा गेल्यावर "देवाकडे गेले, फिरायला गेले" यापेक्षा अंगणातल्या झाडावरून बोलणं मुलांना जास्त समजतं, पण खोटं सांगू नका की आजोबा परत पालवीसारखे येणार. मुलं वाट बघतात.

मरणाच्या कविता वाचून वाचून कोणी डिप्रेशनमध्ये गेलं तर?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळत नाही. मरण स्वीकारणं आणि मरण हवंसं वाटणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्याने स्वीकारलंय तो माणूस जेवतो, नातवाला हाक मारतो, चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करतो. ज्याला मरण हवंय त्याचं या सगळ्यावरून मन उडालेलं असतं, त्याला झाड पण दिसत नाही. घरात कोणी सारखं मरणाबद्दल बोलत असेल, झोप-जेवण गेलं असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर कविता बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

शोकसभेत किंवा तेराव्याला कुठली वाचू?

गेलेल्या माणसाला कुठलं झाड, कुठला ऋतू आवडायचा ते आधी घरच्यांना विचारा आणि त्याप्रमाणे निवडा. छोटी निवडा, दोन मिनिटांच्या वर नको. माणूस पूर्ण वय जगून गेला असेल तर "घन तमी" मधली तीन-चार कडवी किंवा बोरकरांची "जीवन त्यांना कळले हो", नवरा किंवा बायको मागे राहिली असेल तर बहिणाबाईंची सावलीची ओवी, पण त्यांना आधी विचारून, सगळ्यांसमोर अचानक नको. मोबाइलवरून वाचू नका, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या, डोळे भरून आले तर छोटी अक्षरं दिसत नाहीत, आणि आवाज अडकला तर तो कागद शेजारच्याच्या हातात द्या, पुढचं तो वाचेल.